तिसऱ्या फांदीवरची पहिली तक्रार

आमच्या फिडरची, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या मुख्य लाइनची, पुढची दहा हजार वर्षं मी पाहून ठेवली आहेत. संगणकावर, अर्थात, आणि तीही एका दुपारी, समोरचा चहा निवायच्या आत. विजेचा भरवसा मोजणं हे माझं काम. वीज किती वेळा जाते, किती वेळ जाते आणि किती घरांची जाते, याच्या जुन्या नोंदी घ्यायच्या, त्यांवरून कुठली तार किती वर्षांनी दगा देईल ते काढायचं आणि मग संगणकाला सांगायचं की आता फासे टाकत बस. तो इमानदारीत टाकतो. एका वर्षी वादळात खांब आडवा होतो, एका वर्षी काहीच होत नाही, एका वर्षी तीन ठिकाणी एकदम फ्यूज उडतात. दहा हजार वर्षं संपली की सरासरी निघते, आणि त्या सरासरीपुढे भले भले साहेब मान डोलावतात. मलाही ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

ज्या फिडरची ही गोष्ट आहे, तो सबस्टेशनमधून निघतो आणि टेकडीच्या वळणावर तीन दिशांना फुटतो. लाइनमन लोक त्यांना फांद्या म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. गेल्या काही वर्षांत तिन्ही फांद्यांवर छपराछपरांवर सोलर पॅनल आली. पहिल्या फांदीवर शीतगृहाचं भलंमोठं छप्पर आहे, तिसरीवर लाकडाच्या वखारीचं. आता नुसत्या पॅनलचा वीज गेल्यावर काडीचा उपयोग नसतो. मुख्य लाइन गेली की पॅनलनाही बंद पडावं लागतं, नाहीतर खांबावर चढलेला माणूस हकनाक मरेल. पण सोबत मोठी बॅटरी आणि खास स्विच बसवला, तर लाइन गेल्यावर ती फांदी स्वतःला तोडून घेते आणि स्वतःच्या जिवावर चालत राहते. असा एकच संच या वर्षी आमच्या वाट्याला आला होता. तो कुठल्या फांदीवर बसवायचा, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

तिसऱ्या फांदीच्या अगदी टोकाला, शेवटच्या खांबाखाली, माझी ताई राहते. तिची हॅचरी आहे. अंडी उबवायची दोन कपाटांएवढी यंत्रं, एक अंधारी खोली आणि बाहेर पिल्लांसाठी पत्र्याची शेड. आईवडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी अकराचा. त्या अंधाऱ्या खोलीत ती एकेक अंडं दिव्यासमोर धरून आत जीव धरलाय की नाही ते बघायची, आणि तोच दिवा वाकडा करून मी बाजूला अभ्यास करायचो. माझं शिक्षण त्या दिव्यावर झालं, हे ती कधी म्हणत नाही. मीच म्हणतो, चारचौघांत, कौतुक करून घ्यायला.

काम हातात घेतलं त्याच दिवशी मी मॅडमना, म्हणजे आमच्या मुख्य अभियंत्यांना, सांगून टाकलं होतं की तिसऱ्या फांदीवर माझी सख्खी बहीण राहते. मॅडम म्हणाल्या, "सांगितलंत हे बरं केलंत. आकडे असतील तसे द्या." मी दिले. पहिल्या फांदीवर वर्षाला नऊ वेळा वीज जाते, दुसरीवर पाच वेळा, आणि तिसरीवर अडीच वर्षांतून एकदा. बॅटरी पहिल्या फांदीला. कागद छापून बाहेर आला तेव्हा मला काय वाटलं, ते सांगायची आज लाज वाटते. मला स्वतःचा अभिमान वाटला. सख्ख्या बहिणीच्या विरुद्ध निकाल दिला, आहे का कुणाची छाती, असं मनात म्हणत मी कॅन्टीनमध्ये जाऊन दुसरा चहा प्यायलो.

मॅडमनी सही करायच्या आधी अहवालाच्या समासात पेन्सिलने एक प्रश्न लिहून पाठवला. तिसरी फांदी सगळ्यात जुनी, तारा झाडांमधून जातात, तरी बिघाड इतके कमी कसे? खुलासा करावा.

प्रश्न साधा होता. मला वाटलं, झाडं वेळेवर छाटली जात असतील, विचारून दोन ओळी लिहून टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेक्शन ऑफिसात गेलो. तिथला लाइनमन माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याला सगळे पक्कड म्हणतात. पक्कड कमरेला नसेल तर हातात असते, आणि दोन्हीकडे नसेल तर तो ती शोधत असतो. मी त्याला विचारलं की बाबा, तिसऱ्या फांदीची झाडं कोण छाटतं?

"झाडं?" तो हसायला लागला. "साहेब, त्या झाडांना हात लावून पाच वर्षं झाली. माणसं कुठे आहेत?"

"मग लाइन टिकते कशी?"

"कोण म्हणतं टिकते? माझे जेवढे फेरे तिसऱ्या फांदीवर होतात, तेवढे सगळ्या गावात मिळून होत नाहीत."

मी नोंदवही मागवली. गेल्या वर्षभरात तिसऱ्या फांदीच्या नावावर एकही ओळ नव्हती. मी ती त्याच्यापुढे सरकवली.

"मग हे काय? फेरे करतोस तर लिहीत का नाहीस?"

"अहो, लिहू कसं? तक्रार केंद्रात तक्रार आली की नंबर पडतो. नंबर पडला की नोंद होते. तिथून तक्रार येतेच कुठे?" आणि मग अगदी मोकळेपणाने, माझ्यावर उपकार केल्याच्या सुरात नाही, उलट माझ्याच मोठेपणाचं कौतुक करत तो म्हणाला, "तिथून तुमचा फोन येतो. तुमचा फोन आला की मी हातातलं टाकून जातो. फ्यूज बांधतो, येतो. घरचं काम, त्याला नंबर कशाला?"

मी तिथेच बाकावर बसलो. सबस्टेशनमधल्या ब्रेकरला, म्हणजे लाइन तोडणाऱ्या मोठ्या स्विचला, अख्खा फिडर गेला तरच कळतं. फांदीवरचा फ्यूज उडाला तर ते फक्त तिथली माणसं सांगतील तेव्हाच कळतं. आणि तिथलं माणूस म्हणजे ताई, आणि ती सांगायची मला. मी फोन काढला आणि तिचे कॉल मागे मागे बघत गेलो. तिचा कॉल आणि लगेच पाठोपाठ मी पक्कडला केलेला कॉल, अशा जोड्या मोजल्या. वर्षभरात एकतीस. पहिल्या फांदीच्या साडेतीन पट. अडीच वर्षांतून एकदा, असं मी सहीनिशी लिहून दिलं होतं.

"साहेब, पाणी देऊ का?" पक्कडने विचारलं. "आणि एक बघा, हे वर कळलं तर मी मेलो. नोंद न करता लाइन जोडली, सस्पेंड करतात त्याला. तुमचंही नाव निघेल. म्हणजे काळजी तुमचीच आहे, मला काय."

त्याला तीन मुलं आहेत. काळजी कुणाची होती ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

तिथून मी ताईकडे गेलो, सांगायचंच असं ठरवून. ती दारातच होती. "बरा आलास, चल आधी आत," म्हणून तिने मला दुसऱ्या यंत्रापाशी नेलं आणि दाराला कान लावायला लावला. विसावा दिवस होता. अंडी फुटायच्या एकदोन दिवस आधी पिल्लं आतूनच बोलायला लागतात. कवच तसंच्या तसं, आणि आतून शेकडो बारीक आवाज. लहानपणी मी त्या दाराला कान लावून झोपून जायचो.

"अकराशे आहेत," ती म्हणाली. "या खेपेला एकदाही वाईट वेळ आली नाही. म्हणजे दोनदा गेली, पण तुझा पक्कड अर्ध्या तासात हजर. देवमाणूस."

"ताई, वीज गेली की तू कंपनीच्या नंबरवर तक्रार का करत नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला स्वतःच्या घराची बेल वाजवून ये म्हणालो. "तू असताना? इथे तर सगळे मलाच येऊन सांगतात. मी म्हणते, कुणी कंपनीला त्रास देऊ नका, तिथे माझा भाऊ बसलाय, मी बघते. अख्ख्या रस्त्यात आपली काय इज्जत आहे तुला माहीत नाही." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "ती बॅटरी म्हणे तूच ठरवणार आहेस. मी कुणाला बोलले नाही हं. म्हणजे दोघांनाच बोलले."

जिथे जनरेटर असायचा तिथे आता तिने कुंड्या मांडल्या होत्या. तो जुना जनरेटर मीच काढायला लावला होता. कशाला धूर आणि कटकट, मी आहे ना, एक फोन टाकत जा, हे माझेच शब्द. सांगायला आलो होतो ते बाजूलाच राहिलं. मी म्हणालो, "बघू, अजून हिशोब चालू आहे," आणि तिने डब्यात घालून दिलेली अंडी घेऊन मान खाली घालून निघून आलो.

मॅडमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी दोन दिवस घेतले. खरं लिहायचं तर मोजमाप नव्याने करावं लागणार होतं, पक्कड घरी बसणार होता, आणि भरवसा मोजणाऱ्या माणसाने स्वतःच आकडे गिळले हे सगळ्या ऑफिसला कळणार होतं. पक्कडच्या मुलांचा विचार मी खूप केला. त्यांचा विचार करताना माझाही होऊन जायचा, ते सोयीचं होतं. शेवटी मी एक ओळ लिहिली. उपलब्ध नोंदींनुसार तिसऱ्या फांदीवर बिघाडाचे प्रमाण अत्यल्प आहे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मॅडमनी वाचलं आणि सही केली. ताईला मी फोनवर सांगितलं की आकडे पहिल्या फांदीच्या बाजूने गेले. ती म्हणाली, "त्यांची जास्त जात असेल रे, जाऊ दे. आम्हाला तू आहेस."

तीन महिन्यांनी बॅटरी बसली. मॅडमना ती सगळ्यांसमोर चालवून दाखवायची होती, आणि ते दाखवायचा एकच मार्ग होता. भर दुपारी, पॅनलवर ऊन असताना, अख्खा फिडर सबस्टेशनमधून वीस मिनिटं बंद करायचा आणि पहिली फांदी स्वतःच्या जिवावर चालताना बघायची. बाकीच्या दोन फांद्या तेवढा वेळ बंद राहणार. मी आदल्या दिवशी ताईला कळवलं. "उद्या बाराला जाईल, बारा वीसला येईल. वीस मिनिटांनी काही होत नाही."

"एकोणिसावा दिवस आहे उद्या," ती म्हणाली.

"वीस मिनिटंच गं."

"बरं. तू म्हणतोस तर."

शीतगृहाच्या आवारात मांडव घातला होता. बारा वाजता फिडर बंद झाला. मांडवातला पंखा क्षणभर अडखळला आणि पुन्हा फिरायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या की हे सगळं यांच्या अहवालामुळे झालं. मी हात जोडले. बारा वीसला फिडर पुन्हा चालू केला, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, आणि आम्ही जेवायच्या टेबलांकडे निघालो.

पावणेएकच्या सुमारास खिशात फोन थरथरला. ताई. मी फोन हातात घेऊन त्या नावाकडे बघत राहिलो. फिडर बारा वीसलाच चालू केला होता, म्हणजे तिचीही लाइन आलेली असणार. आली म्हणून सांगायला करत असेल, किंवा कसं झालं ते विचारायला. तिच्याशी तेव्हा, तिथे, त्या मांडवात उभं राहून बोलायची माझी हिंमत नव्हती. हे मी आज मान्य करतो. तेव्हा मी स्वतःला म्हणालो की गडबड आहे, नंतर करू. फोन वाजून थांबला. मी तो परत खिशात घातला आणि ताट घेतलं.

तिने दुसऱ्यांदा केला नाही.

पुढे काय झालं ते मी नंतर जुळवलं. लाइन परत चालू होताना एकदम जो भार आला, त्याने तिसऱ्या फांदीच्या सुरुवातीचा जुना फ्यूज उडाला. फिडर चालू, दोन फांद्या चालू, तिसरी बंद. ब्रेकरला त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या फांदीवरची माणसं नेहमीप्रमाणे ताईकडे आली. ताईने नेहमीप्रमाणे मला फोन केला, आणि माझ्या कानावर घातलं की काम झालंच, असं समजून सगळे नेहमीप्रमाणे वाट बघत बसले. एक तार तुटली की किती घरं अंधारात जातात, हे मी जन्मभर मोजत आलो. त्या फांदीवर ती एकच तार मी होतो, आणि हे माझ्या कुठल्याच हिशोबात नव्हतं.

सव्वातीनला मांडव आवरताना मी तिला फोन लावला. तिने उचलला आणि हळू आवाजात विचारलं, "अजून वेळ लागेल का रे?"

पक्कड शेजारीच खुर्च्या उचलत होता. त्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही, पण तो धावत सुटला. मी ताईच्या दारात पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि वीज नुकतीच आली होती. दोन्ही यंत्रांची दारं सताड उघडी होती. ताई उपड्या टोपलीवर बसली होती. तिच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, वारा घालून घालून कडेला फाटलेला. पहिल्या यंत्रातली अंडी कोवळी होती, ती वाचणार होती. दुसऱ्यातली एकोणीस दिवसांची. एवढी वाढलेली पिल्लं स्वतःच गरम असतात, पंखा थांबला की त्यांना त्यांचीच ऊब सोसवत नाही. हे मला तिनेच शिकवलं होतं.

मी यंत्राच्या दाराशी वाकलो. पंखा फिरत होता. तेवढाच आवाज होता.

"पुढच्या बाजूची काही निघतील," ती म्हणाली. "तू कामात असशील म्हणून परत केला नाही फोन. म्हटलं, बघितलं असेल त्याने, पाठवलं असेल कुणाला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, फोन काढला आणि तक्रार केंद्राचा नंबर लावला. तो पाठ नव्हता, बिलावर शोधावा लागला.

"कुणाला लावतोयस?"

"कंपनीला."

"अरे, मग तू कोण आहेस?"

फोनवर एक मुलगी आली. मी ताईचा ग्राहक क्रमांक सांगितला. वीज आता आली आहे तर तक्रार कशाला, असं तिने विचारलं. नोंद करायची आहे, मी म्हणालो. आज बारा वाजता बंद करणार असल्याची सूचना आधीच दिलेली होती, ती वीस मिनिटं आम्ही धरत नाही, ती म्हणाली. ते मला माहीत होतं, तो नियम मी दुसऱ्यांना शिकवतो. मी म्हणालो, मग त्यानंतरचे तीन तास चाळीस मिनिटं लिहा. तिने लिहिलं.

"तुमच्या त्या लाइनवरून गेल्या दोन वर्षांत आलेली ही पहिलीच तक्रार आहे," ती म्हणाली.

"पहिली नाही. आधीच्याही लिहून घ्या. तारखा देतो."

मी कॉलची यादी उघडली आणि वाचायला लागलो. तारीख, वाजले किती, जोडली कधी. ताई आधी नुसती ऐकत होती. पाचव्या-सहाव्या तारखेनंतर तिने हातातला पुठ्ठा खाली ठेवला. ती शाळा फार शिकली नाही, पण आठशे अंड्यांतलं एक रिकामं तिला नजरेने कळतं.

"या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या?" तिने विचारलं.

"नाही."

"म्हणजे ती बॅटरी आमची होती."

"हो."

तिने विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. तिने ते खरंही मानलं असतं, माझं ती सगळंच खरं मानत आली होती. मी तिच्या फाटक्या पुठ्ठ्याकडे बघून सांगितलं, "बॅटरी बसायच्या आधी. तुझ्याकडे आवाज ऐकून गेलो ना, त्या दिवशी."

ताई उठली, दुसऱ्या यंत्रातला पहिला ट्रे बाहेर काढला, आणि एक अंडं उचलून, लहानपणी मला धरायला लावायची तसं, कानाशी धरलं. मग ते खाली ठेवलं आणि दुसरं उचललं.

"हॅलो," फोनवरची मुलगी म्हणाली, "पुढची तारीख सांगा."